काणी

दादाच्या बायोप्सीचा रिपोर्ट आला त्या आठवड्यात भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. त्यातल्या जवळजवळ प्रत्येकानं चहाचा कप हातात येईपर्यंत धीर धरला आणि मग आवाज खाली आणून तेच विचारलं, "पण खात काय होता?"

दादा तेव्हा ४३ वर्षांचा. तंबाखू नाही, दारू नाही. घर माळकरी, त्यामुळं मटण-अंडी उंबऱ्याच्या आत कधी आली नाहीत. आमचं गाव मंगळवेढ्याजवळचं. म्हणजे बाराही महिने ज्वारीची भाकरी, एखादी पालेभाजी नाहीतर आमटी, आणि शेंगाचटणी. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी जे जे टाळा म्हणतात, ते यानं न सांगता टाळलेलं. विचारणाऱ्यांची पंचाईत व्हायची. दुसऱ्याच्या आजाराला कारण लागतं, आणि ते आपल्या घरात नसलेलं लागतं. शेवटी एक लांबचे काका म्हणाले, "सोलापुरात कंपनीच्या कँटीनला जेवत असणार," आणि समाधानानं उठले.

आईनं मात्र तो प्रश्न स्वतःच्या पदरात घेतला. रात्री भांडी घासताना पाठमोरीच म्हणाली, "मीच ना गं रांधून घातलं दोघांना. एका ताटात जेवलात. काय चुकलं माझं?"

मी म्हटलं, "काही चुकलं नाही." ती काही बोलली नाही. तवा घासत राहिली.

मी सोलापुरातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये गेली १६ वर्षं मायक्रोबायोलॉजी बघते. बघते म्हणजे प्लेटा (जंतू वाढवायच्या बशा) लावते, वाचते, रिपोर्ट टाइप करते. जंतूंशी माझा रोजचा संबंध. त्यामुळं आईला 'काही चुकलं नाही' एवढंच सांगून मी मोकळी झाले, याची मला लाज वाटली. मग वाचायला घेतलं. दादाचे सगळे उपचार चालू असताना, ओपीडीच्या बाहेर बाकड्यावर, मोबाइलच्या पडद्यावर वाचत होते.

*

सकाळी साडेआठला इन्क्युबेटरचं दार उघडलं की पहिला वास येतो. कोंदट, ओलसर, थोडासा शेणाच्या अंगानं जाणारा. आम्हाला त्याचं काही वाटत नाही, नवीन मुलगी आली की दोन दिवस नाकाला रुमाल लावते. रात्री लावलेल्या लघवीच्या कल्चरच्या मॅकॉन्की प्लेटवर गुलाबी कॉलन्या आलेल्या असतात. गोल, सपाट, कुंकवात पाणी जास्त झाल्यासारखा रंग. ई. कोलाय. खात्रीसाठी इंडोलची चाचणी लावायची. नळीत वर लालभडक कडं आलं की झालं. रोज दहापंधरा तरी. या जंतूला मी घरच्या माणसाइतकी ओळखते, असं मला वाटायचं.

१८८५ साली म्युनिकमधल्या थिओडोर एशेरिश या बालरोगतज्ज्ञानं तान्ह्या बाळांच्या शीमध्ये हा जंतू शोधला. पुढं त्याचंच नाव जंतूला मिळालं. बाळाच्या पोटात सुरुवातीला काही नसतं आणि थोड्याच दिवसांत वस्ती कशी होते, हे तो बघत होता. म्हणजे ई. कोलायची पहिली ओळख झाली तीच बाळाच्या लंगोटातून. हा तपशील शिकताना मी परीक्षेपुरता पाठ केला होता. आता तो मला वेगळाच लागतो. का ते पुढं येईल.

रिपोर्टात आम्ही लिहितो, 'ई. कोलाय'. म्हणजे फक्त जात लिहितो. आणि नुसत्या जातीवरून कुणाबद्दल काय कळतं? डॉक्टरांना हवी असते सेन्सिटिव्हिटी, कुठलं औषध चालेल ते. तेवढ्याला जात पुरते. पण एकाच जातीत वाण किती! एका वाणाचा जंतू आयुष्यभर माणसाच्या आतड्यात गपगुमान राहतो, दुसऱ्यानं रक्ताची हगवण लागते. शेतकऱ्याच्या घरात हे समजावून सांगावं लागत नाही. दुकानात जाऊन कुणी 'ज्वारी द्या' म्हणत नाही. मालदांडी द्या म्हणतो.

तर आतड्यातल्या ई. कोलायच्या काही वाणांजवळ एक जादा ऐवज असतो. त्यांच्या गुणसूत्रात साधारण ५४ हजार अक्षरांचा एक तुकडा आहे, त्याला पीकेएस बेट म्हणतात. फ्रान्समधल्या तुलूझच्या संशोधकांनी २००६ साली तो उजेडात आणला. या बेटावरची जनुकं मिळून एक विष घडवतात, कोलिबॅक्टिन. हे विष इतकं अस्थिर की ते वेगळं काढून कुणालाच बाटलीत भरता आलं नाही. त्याची रचना २०१९ मध्ये कळली, तीही त्यानं डीएनएवर सोडलेल्या खुणांवरून माग काढत. जंतू ते आधी झाकण लावलेल्या अवस्थेत बनवतो, स्वतःला इजा होऊ नये म्हणून. बाहेर टाकताना झाकण कापतो. मग ते शेजारच्या पेशीत शिरून डीएनएच्या दोन्ही धाग्यांना एकमेकांशी टाके घालतं. पेशी ते टाके उसवायला जाते आणि उसवताना चुकते.

शेजारच्या पेशीत, हे महत्त्वाचं. लांबून काही होत नाही. जंतू आतड्याच्या अस्तराला अगदी खेटून हवा. एरवी अस्तरावर शेंबडासारखा जाड थर असतो, तो जंतूंना हातभर लांब ठेवतो. थर पातळ झाला, फाटला, की खेटायला जागा मिळते.

ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. ही म्हण जंतूंच्या बाबतीत अक्षरशः खरी आहे, कारण ते शेजाऱ्याला जनुकं देऊन टाकतात. पीकेएस बेट ई. कोलायपुरतं राहिलेलं नाही, क्लेब्सिएला नावाच्या दुसऱ्या जंतूतही सापडतं. वाण तोच राहतो, गुण उचलला जातो.

*

दादाच्या शौचात रक्त जायला लागलं ते दिवाळीच्या सुमारास. त्यानं कुणाला सांगितलं नाही. वहिनीला कळलं संक्रांतीला. डॉक्टरांनी नुसतं विचारून, न तपासता, मूळव्याध म्हणून मलम आणि पोट साफ व्हायची पावडर दिली. मग कुणीतरी सांगितलं म्हणून एका वैद्यांकडचं चूर्ण. रक्त थांबायचं, परत यायचं. मला कळलं आषाढात, तेही त्याचं वजन कमी दिसलं म्हणून मी खोदून विचारलं तेव्हा. मी त्याच्यावर ओरडले. "अगं मूळव्याध काय सांगायची गोष्ट आहे का बहिणीला," म्हणाला.

सगळ्यांच्याच घरात ही लाज असते. पोटाच्या खालचं सगळं न बोलण्याच्या फडताळात. मी रोज लोकांची शी डबीतून घेते, लेबल लावते, आणि माझ्याच भावाला मला सांगता आलं नाही.

सिग्मॉइडमध्ये, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटाकडच्या वळणात, गाठ होती. ऑपरेशन झालं, काढलेल्या लिम्फ नोडपैकी (लसिकाग्रंथींपैकी) दोनांत कॅन्सरच्या पेशी सापडल्या, म्हणजे तिसरी पायरी. घराण्यातून येणाऱ्या लिंच सिंड्रोमची शंका म्हणून गाठीतली चार प्रथिनं तपासली, चारही जागच्या जागी होती. आईच्या आणि वडलांच्या माहेर-सासरच्या चार पिढ्या आम्ही आठवून काढल्या. आतड्याचा कॅन्सर कुणाला नव्हता. निदान झालेला तरी नव्हता.

मग केमो. तीन आठवड्यांतून एकदा ऑक्झालिप्लाटिनची बाटली, आणि मध्ये १४ दिवस गोळ्या. केस गेले नाहीत, त्यामुळं गावातल्या लोकांना हा खरंच आजारी आहे का अशी शंका. पण गारवा सहन होईना. स्टीलच्या तांब्याला हात लावला की विजेचा झटका बसल्यासारखा ओढून घ्यायचा. फ्रिजचं दार उघडायचं म्हटलं तरी हातमोजे. माठातलं पाणी घशाला काचेसारखं लागायचं. मंगळवेढ्याच्या उन्हाळ्यात, ४२ डिग्रीत, माझा भाऊ कोमट ताक पीत होता. आई ताक चुलीजवळ ठेवायची, उतू जाणार नाही आणि फाटणारही नाही अशा अंतरावर. ते अंतर तिला बोटानं कळायचं.

*

त्या बाकड्यावर वाचलेलं सांगते.

२०२० साली नेदरलँड्समधल्या उट्रेख्तमध्ये हान्स क्लेव्हर्स यांच्या गटानं एक प्रयोग केला. माणसाच्या आतड्याच्या निरोगी पेशींचे इवले पोकळ गोळे प्रयोगशाळेत वाढवले आणि त्यांच्या पोटात सुईनं ई. कोलाय सोडले. काहींत पीकेएस बेट असलेले, काहींत तेच जंतू पण विष बनवायची शक्ती काढून घेतलेले. हे पाच महिने चाललं. मग पेशींचा डीएनए वाचला. विष बनवणाऱ्या जंतूंशेजारी राहिलेल्या पेशींत चुका झाल्या होत्या, आणि त्या कुठंही नव्हत्या; ठरावीक अक्षरांच्या ठरावीक मांडणीपाशीच होत्या. शिंप्याची शिवण ओळखावी तशी ती शिवण ओळखता येत होती. नंतर त्यांनी खऱ्या रुग्णांच्या आतड्याच्या गाठींत तीच शिवण शोधली, आणि काहींत सापडली.

इथं मी उठून बसले. जंतू आणि कॅन्सर एकत्र दिसतात, हे आधीपासून माहीत होतं. पण एकत्र दिसणं म्हणजे काय? उकिरड्यावर डुकरं दिसतात म्हणून उकिरडा डुकरांनी केला असं होत नाही. गाठ झाली, अस्तर फाटलं, म्हणून जंतूंना आयती जागा मिळाली, असंही असू शकतं. कोण आधी आणि कोण नंतर, हा या सगळ्या विषयातला खरा तंटा. शिवण सापडल्यावर तो एका बाजूला थोडा झुकला.

मग एप्रिल २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये मोठा अभ्यास आला. ११ देशांतल्या ९८१ रुग्णांच्या आतड्याच्या गाठींचा अख्खा डीएनए वाचलेला. ज्यांना चाळिशीच्या आत कॅन्सर झाला त्यांच्यात कोलिबॅक्टिनची शिवण सत्तरी ओलांडलेल्या रुग्णांपेक्षा ३.३ पट जास्त वेळा आढळली. आणि चुकांचा क्रम मागं मागं लावत गेल्यावर असं दिसलं की या खुणा फार लवकर उमटलेल्या असाव्यात, बहुधा आयुष्याच्या पहिल्या दहा वर्षांत. काही गाठींत तर एपीसी नावाच्या जनुकातली चूक, म्हणजे पेशीचा पहिला बांध फुटतो ती चूक, याच शिवणीची होती. आणखी एक गंमत, गंमत म्हणावी का कळत नाही: निदानाच्या वेळी गाठीत तो जंतू आहे की नाही याचा शिवणीशी मेळ लागत नव्हता. जंतू कधीच निघून गेलेला असू शकतो. तीस वर्षांपूर्वी.

पहिली दहा वर्षं. मी मोबाइल पालथा ठेवला.

आमची पहिली दहा वर्षं एकाच घरात, एकाच हौदाच्या पाण्यावर, एकाच ताटात गेली. आई आम्हा दोघांना एकत्र वाढायची, भांडणं नकोत म्हणून मधोमध भाकरीची रेघ. दादाची रेघ नेहमी माझ्या बाजूला सरकलेली.

*

आईला कसं सांगायचं, याचा मी बरेच दिवस विचार करत होते. जंतू म्हटलं की ती 'म्हणजे अस्वच्छता' असंच ऐकणार. 'पहिल्या दहा वर्षांत' म्हटलं की सरळ स्वतःच्या काळजावर घेणार. एकदा जेवताना तुकड्या-तुकड्यांनी सांगायला लागले. पोटात किती जंतू असतात, चांगलेच बहुतेक. (पूर्वी म्हणायचे माणसाच्या पेशींच्या दहापट. २०१६ मध्ये पुन्हा हिशेब केला तेव्हा निघालं की साधारण ३८ लाख कोटी जंतू, ३० लाख कोटी पेशी. म्हणजे जवळपास बरोबरीचा संसार.) त्यातला एखादा वाण लहानपणी येतो, दिसत नाही, काही त्रास देत नाही, पण पेशीत एक चूक करून जातो. माणूस वाढतो. ती चूक त्याच्याबरोबर वाढते. चाळिशीत कळतं.

आईनं घास खाली ठेवला. "काणीसारखं?"

मी तिच्याकडे बघतच राहिले.

ज्यांनी ज्वारी पेरली नाही त्यांच्यासाठी सांगते. दाणे काणी हा ज्वारीचा रोग. मळणीच्या वेळी काळी भुकटी चांगल्या दाण्याला चिकटते. दाणा दिसायला स्वच्छ, टपोरा. पेरल्यावर तो उगवतो त्याच वेळी बुरशी कोंबात शिरते. पुढं रोप वाढतं, पोटरीत येतं, शेजारच्या ताटासारखंच, म्हणजे धाटासारखंच, हिरवंगार. शेतकरी बांधावरून बघतो आणि खूष होतो. कणीस निसवलं की कळतं: दाण्याच्या जागी करड्या पिशव्या, दाबली की आत काजळी. त्या वेळी काही करता येत नाही. ज्याचं झालं त्याचं झालं. आणि त्याच शेतातली, त्याच पोत्यातल्या बियाण्याची, शेजारची दहा ताटं निर्मळ.

"हो," मी म्हटलं. "काणीसारखं."

"मग पाण्यानं होतंय, खतानं होतंय म्हणून लोक काय काय म्हणतात," ती स्वतःशीच म्हणाली. आणि घास उचलला.

तिच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं असं मी म्हणणार नाही. दादाच्या गाठीचा डीएनए कुणी वाचलेला नाही. त्याच्यात ती शिवण होती का, हे आम्हाला कधीच कळणार नाही. त्या ११ देशांत भारतही नाही. निरोगी माणसांतल्याही साधारण पाचातल्या एकाच्या पोटात पीकेएसवाला ई. कोलाय असतो आणि त्यातल्या बहुतेकांना काहीही होत नाही. हेही मी तिला सांगितलं. पण 'काय खाऊ घातलं' या प्रश्नाची धार त्या दिवसानंतर बोथट झाली, एवढं खरं.

*

ई. कोलाय एकटा नाही. या प्रकरणात आणखी एक जंतू सारखा समोर येतो, त्याचं नाव फ्युजोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम. हा राहतो तोंडात, हिरड्यांच्या खोबणीत. दातांवरच्या किटणात त्याचं घर. २०१२ साली बॉस्टन आणि व्हँकुव्हरमधल्या दोन गटांना, वेगवेगळे शोधत असताना, तो आतड्याच्या गाठींत भरपूर सापडला. तिथं त्याचं काय काम? २०१७ मध्ये दिसलं की कॅन्सर आतड्यातून यकृतात जातो तेव्हा हा जंतूही बरोबर जातो. माणसाच्या अशा गाठी उंदरांत वाढवून त्यांना मेट्रोनिडाझोल दिलं तर गाठींची वाढ मंदावली. मेट्रोनिडाझोल म्हणजे जुलाब लागले की मेडिकलवाला सर्रास पुडीत बांधून देतो ती गोळी. हे वाचून कुणी ती गोळी सुरू करू नये म्हणून लगेच लिहिते: उंदीर तो उंदीर, आणि अँटिबायोटिकनं आतड्यातली बाकीची वस्तीही उठते.

२०२४ मध्ये सिॲटलच्या फ्रेड हच केंद्रातल्या संशोधकांनी या जंतूचीही झडती घेतली आणि तिथंही गोष्ट वाणावरच आली. ज्याला आपण एक समजत होतो तो एक नाही. त्यातल्या 'ॲनिमॅलिस' या उपजातीचे दोन फाटे आहेत आणि गाठींत गर्दी करतो तो दुसरा फाटा. त्याला जठरातलं आम्ल सोसतं, म्हणजे गिळल्यावर पोटातून जिवंत पार होण्याची त्याची तयारी आहे. तपासलेल्या सुमारे २०० गाठींपैकी निम्म्यांत तो होता.

आमच्या लॅबमध्ये हा कधीच सापडणार नाही. त्याला हवा चालत नाही, आणि आमच्याकडे बिनहवेचं कल्चर लावायची सोय नाही. जे उगवतं तेच आम्हाला दिसतं. १६ वर्षांत हे मी कधी असं मांडून बघितलं नव्हतं.

एक मात्र आमच्या प्लेटवर उगवलं होतं. सातआठ वर्षांपूर्वी तापाच्या एका पेशंटच्या ब्लड कल्चरमध्ये स्ट्रेप्टोकॉकस बोव्हिस आला. मी नेहमीसारखा रिपोर्ट टाइप करत होते. आमचे सर एरवी दुपारी साडेतीनला डुलकी काढणारे, ते खुर्चीतून उठून फोनकडे गेले आणि त्या पेशंटच्या डॉक्टरांना म्हणाले, "हृदयाची एको कराच, पण आतडंही बघा. कोलोनोस्कोपी." मला तेव्हा कळेना, रक्तात जंतू आणि आतडं कशाला? सरांनी सांगितलं, हा संबंध १९५१ पासून नोंदलेला आहे. हा जंतू रक्तात सापडला की आतड्यात कुठंतरी गाठ किंवा पॉलिप (अस्तरावरची छोटी वाढ) असण्याची शक्यता वाढते. त्याचा जो वाण या बाबतीत खरा संशयित आहे त्याला आता गॅलोलिटिकस असं वेगळं नाव आहे. म्हणजे परत वाण.

*

आता थोडं रागाचं. दादाची बातमी पसरल्यावर माझ्या मोबाइलवर जाहिराती यायला लागल्या. पोटाचं आरोग्य तपासा, घरबसल्या. डबी येणार, त्यात नमुना भरून पाठवायचा, आठवड्यात रंगीत रिपोर्ट: तुमच्या आतड्याला १०० पैकी ६२ गुण. वर त्यांच्याच कॅप्सूल. मी त्या धंद्यातली आहे म्हणून सांगते, आज अशा रिपोर्टावरून कुणाला कॅन्सर होईल की नाही हे सांगता येत नाही. शीमधल्या जंतूंची यादी म्हणजे एसटी स्टँडवरच्या गर्दीचा फोटो. कोण कुणाला खेटून उभा आहे, कुणाचा हात कुणाच्या खिशात आहे, ते त्यात येत नाही.

आणि 'चांगला जंतू' हा शब्द तर मला आता पटतच नाही. पहिल्या महायुद्धात जर्मनीतल्या आल्फ्रेड निस्ल या डॉक्टरनं साथीतही हगवण न लागलेल्या एका सैनिकाच्या शीमधून ई. कोलायचा एक वाण वेगळा केला. १९१७ साल. तो वाण औषध म्हणून विकला जाऊ लागला आणि आजही काही देशांत आतड्याच्या दाहावर दिला जातो. शंभर वर्षांचं नावाजलेलं प्रोबायोटिक. त्या वाणाचा डीएनए वाचल्यावर काय निघालं? पीकेएस बेट. त्याच्या औषधी गुणाची आणि विषाची जनुकं एकमेकांत अशी गुंतलेली की एक काढताना दुसरं राखणं अवघड. त्यानं कुणाला कॅन्सर झाला असं दिसलेलं नाही, हेही तेवढंच खरं. पण डबीवर 'चांगले जंतू' असं छापलेलं दिसलं की मला निस्लचा सैनिक आठवतो.

जेवणाचं म्हणाल तर तंतूंची (फायबरची) बाजू भक्कम आहे. भाकरी, डाळी, भाज्यांतलं जे आपल्याला पचत नाही ते मोठ्या आतड्यात जंतू आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट नावाचं द्रव्य तयार होतं. आतड्याच्या अस्तराच्या पेशी मुख्यतः त्यावर जगतात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला फार आवडतो: २० आफ्रिकन अमेरिकन आणि २० ग्रामीण दक्षिण आफ्रिकन माणसांनी दोन आठवडे एकमेकांचं जेवण जेवायचं. दोनच आठवड्यांत, मक्याच्या-घेवड्याच्या जेवणावर आलेल्या अमेरिकनांच्या आतड्यातली जळजळ उतरली, ब्युटिरेट वाढलं. आणि बर्गरवर गेलेल्यांचं उलटं झालं. भारतात या कॅन्सरचं प्रमाण जगाच्या तुलनेत कमी आहे त्यात आपल्या ताटाचा वाटा असणार. जगात २०२२ साली १९ लाखांवर लोकांना तो झाला, ९ लाखांवर गेले. अमेरिकेनं तर तरुण रुग्ण वाढले म्हणून २०२१ मध्ये तपासणीचं वय ५० वरून ४५ वर आणलं.

पण प्रमाण कमी म्हणजे शून्य नव्हे, आणि भाकरी म्हणजे ताईत नव्हे. हे ज्याच्या घरात घडतं त्यालाच पटतं.

*

सख्ख्या भावाला झाला की बहिणीनं चाळिशीत, किंवा भावाच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षं आधी, जे लवकर येईल तेव्हा कोलोनोस्कोपी करावी, असं डॉक्टर सांगतात. ४३ वजा १०, ३३. मी तेव्हा ३८ची. म्हणजे मुदत उलटून गेली होती. तरी मी चार महिने टाळलं. कारणं होती: लॅबमध्ये माणूस कमी, मुलीची परीक्षा, दादाची केमो. खरं कारण ताट.

आदल्या संध्याकाळी आतडं धुऊन काढायची पावडर दोन लिटर पाण्यात कालवून प्यायची. लिंबाचा वास आणि मिठाच्या पाण्याची चव. पहिला ग्लास जातो, चौथ्याला अंगावर काटा येतो. रात्रभर संडास आणि पलंग. पहाटे शेवटी जे पडतं ते पिवळसर, स्वच्छ पाणी. तसं झालं की तयारी झाली समजायचं. चाळीस वर्षं जमलेली वस्ती एका रात्रीत अशी धुऊन निघते आणि दोनतीन आठवड्यांत बरीचशी परत येते. तीच माणसं, तेच वाडे.

झोपेचं औषध अर्धवटच लागलं असावं, कारण मला पडदा दिसला. माझं आतडं. गुलाबी, ओलं, वळ्यावळ्यांचं, लखलखीत. भिंतीवर बारीक रक्तवाहिन्यांची जाळी पिंपळाच्या जुन्या पानासारखी. मी इतकी वर्षं याच्यातून आलेलं डबीत बघत होते, घर पहिल्यांदा बघत होते. एका वळणावर डॉक्टर थांबले. लहानसा पॉलिप, चार मिलिमीटरचा, मुगाएवढा. तारेचा फास टाकला, ओढला, गेला. दुखलं नाही.

बायोप्सीत तो साधा ॲडेनोमा, म्हणजे अजून कॅन्सर नसलेली वाढ, निघाला. अशाच मुगातून दहाएक वर्षांत कधी गाठ होते, बहुतेकदा काहीच होत नाही. कुठल्या वाणाचा जंतू त्याला खेटून होता का, कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. पाच वर्षांनी परत या म्हणाले.

रिपोर्ट घेऊन आधी दादाकडे गेले. त्यानं तो उलटा-सुलटा करून बघितला आणि म्हणाला, "मुगाएवढा? माझा लिंबाएवढा होता." मग म्हणाला, "तुझी रेघ अलीकडं होती म्हणून."

मी हसले आणि मग बाहेर जाऊन रडले.

पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्समधल्या योगेश शौचे आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली एकत्र कुटुंबांतल्या तीन पिढ्यांच्या, तान्ह्या बाळापासून वडीलधाऱ्यांपर्यंतच्या, आतड्यातले जंतू तपासले होते. तेच घर, तेच अन्न, तेच पाणी, आणि तरी पिढीपिढीत वस्ती वेगळी. तो लेख मी दोनदा वाचला. मला त्यात एक ताट आणि भाकरीची रेघ शोधायची होती. ती अर्थातच तिथं नव्हती.

*

दादाची केमो संपून आता दीड वर्ष होत आलं. दर काही महिन्यांनी सीईए ही रक्ताची तपासणी, वर्षातून स्कॅन. आत्तापर्यंत सगळं ठीक. गारव्याचं गेलं. बोटांच्या टोकांचा बधिरपणा तेवढा राहिला; शर्टाची बटणं वहिनी लावते, मोबाइलवर बोट दोनदा आपटतो.

सप्टेंबरच्या शेवटी रब्बीच्या पेरणीआधी मी गावी गेले होते. ओसरीवर ताडपत्री अंथरून आई बियाणाला गंधक चोळत बसली होती. काणीसाठी. किलोला चार ग्रॅम, ३०० मेशचा, म्हणजे अगदी बारीक. ती मापानं घेत नाही, चिमटीनं घेते आणि बरोबर येतं. हात कोपरापर्यंत पिवळे. दादा समोर येऊन बसला आणि त्यानंही बियाणात हात घातले.

"तू नको रे," आई म्हणाली.

"बघू दे."

तो दाणे ओंजळीत घेऊन बोटांतून सोडत होता. परत घेत होता, परत सोडत होता. आई हात थांबवून त्याच्या हातांकडे बघत होती.

"लागतात का?" तिनं विचारलं.

"या दोन बोटांना नाही," तो म्हणाला. "याला थोडे थोडे."

मग तिनं पिशवीतून आणखी एक चिमूट गंधक घेतला आणि त्याच्या बाजूच्या ढिगावर टाकला.